पॉइंट शून्य एक

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको. एकतीस वर्षं मी आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लहान काटे दुरुस्त करतेय. औषधवाल्यांचे, सोनारांचे, टपालाचे, प्रयोगशाळेतले. ज्या काट्यावर डोक्याचा एक केस ठेवला तरी पारडं खाली जातं, तो माझा. ज्यावर गोण्या चढवतात तो माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. दादा पुढे बसतो, रस्त्याकडे तोंड करून. आमचा धाकटा भाऊ इलेक्ट्रॉनिक काटे बघतो आणि कुठेच बसत नाही, सतत फोनवर फेऱ्या मारतो. मला सगळे चिमटी म्हणतात, कारण हातात चोवीस तास चिमटा असतो. स्वभावावरूनही म्हणत असतील, पण तोंडावर सांगायची कोणाची छाती नाही.

तर पहिल्या तारखेला दादा मागे आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "चिमटे, धाकट्याला खोकी ठेवायला जागा नाही."

"मग त्याला खोकी कमी आणायला सांग."

"ऐकून तर घे. आता आपली वेबसाइट झालीये. महिनाअखेरपर्यंत तिच्यावरून तुझ्या कामाचं एक तरी गिऱ्हाईक आलं, तर खोली तुझी. नाही आलं तर तुझं टेबल जिन्याखाली लावू."

जिन्याखाली! तिथे समोरून वारा येतो, वरून माणसं धाडधाड उतरतात. लहान काट्याला बाजूने कोणी सुस्कारा सोडला तरी चालत नाही. तिथे बसायचं म्हणजे काम बंद करा असंच सांगणं झालं, फक्त गोड शब्दांत. मी दादाला नको नको ते बोलले. तो गेल्यावर दार लावून घेतलं, आणि खरं सांगते, कडीही लावली. रागाने नाही, भीतीने. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी दुसरं काय करणार होते?

वेबसाइट केली होती दादाच्या सुनेने. ती एका ऑफिसात हेच काम करते, लोकांच्या साइटी बनवते. आमची तिने सुट्टीच्या दिवशी, घरचं कार्य समजून केली. सात पानं. पहिलं मुखपृष्ठ, त्यावर दादाचा फोटो. मग मोठे काटे. मग इलेक्ट्रॉनिक काटे. मग 'आमच्याविषयी', ते माझ्या वहिनीने लिहिलं. मग संपर्क. मग 'नेहमीचे प्रश्न', ज्यात प्रश्नच आहेत, कारण उत्तरांवर दोन्ही भावांचं एकमत झालं नाही. आणि सगळ्यात शेवटी 'लहान काटे'. ते मी लिहिलं, कारण दुसऱ्या कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

मी त्याच दिवशी सूनबाईला गाठलं. म्हटलं, "मला माझं पान शोधून दाखव."

तिने सर्च इंजिनवर टाइप केलं. जगभरातले काटे निघाले, गुलाबाचेसुद्धा. आमचा एकही नाही.

"आत्या, आपली साइट आहे हे अजून सर्च इंजिनला कळलेलंच नाही," ती म्हणाली. "साइटमॅप द्यावा लागेल. म्हणजे सगळ्या पानांची यादी. पानाचा पत्ता, ते शेवटचं कधी बदललं, किती वेळा बदलतं, आणि त्याला प्राधान्य किती. ती फाइल सादर केली की मग ते येऊन बघतं. दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचं! पण फाइल सादर करायचा पासवर्ड होता दादाकडे, त्याच्या पाकिटात, चिठ्ठीवर. आणि सासऱ्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असा शब्द तिने साइट करताना देऊन ठेवला होता. पोरगी शब्दाची पक्की. तिथेच घोडं पेंड खात होतं.

रविवारी पुढच्या खोलीत सगळे जमलो. सूनबाईने लॅपटॉप मोठ्या काट्याच्या पाटावर ठेवला, कारण दुकानात सपाट जागा तेवढीच. काट्याने लगेच लॅपटॉपचं वजन दाखवलं आणि दादाने सवयीने ते मोठ्याने वाचलं.

"हे पान किती वेळा बदलतं, ते आधी सांगा," ती म्हणाली. "रोज, आठवड्याला, महिन्याला, वर्षाला की कधीच नाही?"

"कधीच नाही," दादा छाती फुगवून म्हणाला. "माझ्या शब्दात बदल नाही."

"माझं दर तासाला," धाकटा म्हणाला.

"ते दिसतंच आहे," वहिनी म्हणाली.

तिथवर ठीक चाललं होतं. मग सूनबाई म्हणाली, "आता प्राधान्य. प्रत्येक पानाला शून्य ते एकच्या मधला आकडा द्यायचा. पॉइंट पाच, पॉइंट आठ, असा."

दादाचे कान टवकारले. "म्हणजे वजन."

"तसंच समजा, बाबा."

"आणि सगळं मिळून एक."

"नाही हो, सगळं मिळून काही नाही. प्रत्येकाला वेगळा. बेरीज करायचीच नसते."

दादा तिच्याकडे असा बघायला लागला, जणू तिने दुकानात खोटं माप ठेवा म्हणून सुचवलं. "पोरी," तो म्हणाला, "या दुकानातून साठ वर्षांत एकही काटा बेरीज न जुळता बाहेर गेलेला नाही. सात वजनं, एकूण एक. एकच्या वर गेलं तर आपण लबाड, खाली राहिलं तर चोर."

"बाबा, खरं सांगू? ती सर्च इंजिनं या आकड्याकडे बहुतेक बघतही नाहीत."

"गिऱ्हाईक बघत नाही म्हणून माप मारायचं?"

आणि धाकटा, जो दादाच्या कुठल्याच बोलण्याला मान डोलावत नाही, तोही म्हणाला, "दादाचं बरोबर आहे." मला वाटलं, मी म्हणावं सूनबाई बरोबर आहे. पण वजनाची बेरीज जुळू नये, हे माझ्याही जिभेवर येईना. आम्ही सगळे एकाच माळेचे मणी. आमच्या हाडांतच भरलंय ते.

मग वाटणी सुरू झाली आणि जी जुंपली, ती चार दिवस. दादाने मुखपृष्ठाला पॉइंट तीस घेतले आणि मोठ्या काट्यांना पॉइंट पंचवीस. धाकटा म्हणाला, मुखपृष्ठावर फोटो तुझा, म्हणजे ते दोन्ही तुझेच झाले, मला पण पंचवीस हवेत. दादा म्हणाला, धाकट्याने धाकट्यासारखं राहावं, चोवीस घे. एका शतांशासाठी दोन म्हातारे भाऊ दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचं असलं की वहिनीमार्फत बोलायचे, आणि ती मधल्या मधे स्वतःच्या पानाला वाढवून घ्यायची. असं करत तिने 'आमच्याविषयी'ला पंधरा मिळवले. संपर्काला तीन उरले, प्रश्नांना दोन.

"आणि मी?" मी विचारलं.

सगळ्यांनी कागदाकडे पाहिलं. "पॉइंट शून्य एक," दादा म्हणाला. "बघ, बरोब्बर बसलं. जणू तुझ्यासाठीच राहिलं होतं."

मी गिळलं. मला गिळायची सवय नाही, घशात अडकतं. पण तारीख आठ झाली होती आणि मला साइटमॅप जायला हवा होता. शून्य एक तर शून्य एक. लहान वजनाची मला लाज नाही, माझ्या डबीत त्याहून लहान वजनं आहेत आणि ती चिमट्यानेच उचलावी लागतात.

पण दादाला शिक्का हवा होता. दर वर्षी वजनमाप निरीक्षक येतो, सगळे काटे तपासतो, बरोबर असले की शिशावर ठसा मारतो. यंदा तो अकरा तारखेला येणार होता. "तपासल्याशिवाय वजन बाहेर जाणार नाही," दादा म्हणाला आणि पासवर्डचं पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. सूनबाई माझ्याकडे बघून नुसती हसली. ते हसू रडण्याच्या शेजारचं होतं.

अकराला निरीक्षक आला. किडकिडीत माणूस, बगलेत नियमांचं जाड पुस्तक, हातात ठशांची पेटी. मोठे काटे बघितले, माझे बघितले, सगळं ठीक. मग दादाने त्याच्यापुढे साइटमॅपचा छापलेला कागद ठेवला. मला वाटलं होतं, हा माणूस तरी हसेल आणि सगळ्यांना भानावर आणेल. कसलं काय! त्याने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि पेन्सिलीने बेरीज मांडली.

"एक पूर्णांक शून्य एक," तो म्हणाला. "जास्त भरतंय."

मग सगळ्यांच्या नजरा एकदम धाकट्याकडे वळल्या. तो छताकडे बघत होता. रात्रीतून त्याने सूनबाईच्या फाइलमध्ये शिरून चोवीसचे पंचवीस केले होते.

"उचललास ना शेवटी तो शतांश!" दादा ओरडला. "माप मारलंस! बापाच्या दुकानात!"

"मारलं नाही, वाढवलं!"

"मी जादा मापावर शिक्का देऊ शकत नाही," निरीक्षक म्हणाला. "कुठून तरी शून्य एक कमी करा. मला अजून चार दुकानं आहेत."

दादाने पेन्सिल घेतली. मला वाटलं, धाकट्याचे पुन्हा चोवीस करेल. पण धाकट्याने मुठी आवळल्या होत्या आणि दादाला भांडण मिटवायची घाई झाली होती. त्याची पेन्सिल कागदावरून खाली खाली सरकत आली ती थेट माझ्या ओळीपर्यंत. त्याने शून्य एक खोडलं आणि शून्य शून्य लिहिलं.

"झालं," तो म्हणाला. "जुळलं."

मग माझ्या तोंडाचा पट्टा जो सुटला! "शून्य? दादा, शून्य म्हणजे रिकामं पारडं! एकतीस वर्षं तुझ्या मोठ्या काट्यांची दांडीखालची धार नीट बसली नाही की रात्री माझ्याकडे आणून देतोस, सकाळी गिऱ्हाइकाला म्हणतोस मी केली. त्याचं वजन शून्य? आईच्या आजारपणात औषध मोजलं कोणी? त्याचं शून्य? घे ना मग खोली! खोकी भर! मलाही एका खोक्यात भर, वर लिही 'रिकामं'!"

रडायचं नव्हतं, पण रडले. चिमटा हातात होता, त्यामुळे डोळे पुसता येईनात, त्याचा आणखी राग आला. वहिनीने पदर पुढे केला, मी तो झटकला. मग नंतर घेतला.

निरीक्षक खाकरला. तो पुस्तकात काहीतरी शोधत होता. "बाई म्हणतायत ते बरोबर आहे," तो म्हणाला. "नियमाप्रमाणे शून्य वजनाला ठसा मारता येत नाही. शून्य म्हणजे वजनाचा अभाव. हाही कागद नामंजूर."

दादा खाली बसला. मग पुन्हा सुरू. कोणी शून्य एक सोडायचं? दादा नाही म्हणाला. धाकटा नाही म्हणाला. वहिनी म्हणाली, तिचे पंधरा हे हुंड्यासारखे आहेत, परत मागायचे नसतात. निरीक्षकाने घड्याळ पाहिलं, आणखी एकदा पाहिलं आणि शेवटी वैतागून म्हणाला, "एक करा. तात्पुरतं एकच पान ठेवा. त्याला पूर्ण एक द्या. एकाची बेरीज एकच होते, त्यावर मी डोळे झाकून ठसा मारतो. बाकीचं तुमचं भांडण मिटलं की पुढच्या वर्षी."

"मग मोठे काटे," दादा म्हणाला.

"हरकत," धाकटा म्हणाला. "इलेक्ट्रॉनिक."

"हरकत."

"मुखपृष्ठ?" सूनबाईने विचारलं.

"त्यावर ह्यांचा एकट्याचाच फोटो आहे," वहिनी म्हणाली. "हरकत. 'आमच्याविषयी' ठेवा."

त्यावर दोन्ही भाऊ पहिल्यांदा एका आवाजात ओरडले, कारण त्यात वहिनीने लिहिलंय की दुकानातला पहिला काटा तिच्या माहेराहून आला. संपर्काच्या पानावर धाकट्याचा फोन नंबर होता, त्याला दादाची हरकत. प्रश्नांना उत्तरं नव्हती, त्याला निरीक्षकाची हरकत.

"राहिलं लहान काटे," निरीक्षक म्हणाला. "ह्याला कोणाची?"

माझं पान आहे हेच ते पुन्हा विसरले होते. वहिनीने हात उडवला. "तिचं? असू द्या की. तिचं काय!"

ते 'तिचं काय' मला चांगलंच लागलं, अजून लागतं. पण सूनबाईचं बोट तोवर कीबोर्डवर गेलं होतं. तिने सहा ओळी पुसल्या, माझ्यापुढे एक लिहिलं आणि कागद छापला. निरीक्षकाने ठसा मारला. ठसा धातूसाठी असतो, कागदाला आरपार भोक पडलं. दादाने पाकीट काढलं, पासवर्ड एकेक अक्षर करत वाचला, दोनदा चुकीचा. मग तिने 'सादर करा'वर टिचकी मारली.

"पोच?" दादाने विचारलं.

"यशस्वी, असं लिहून आलंय."

"सही कोणाची आहे?"

"कोणाचीच नाही, बाबा."

"मग कसलं यशस्वी," तो म्हणाला आणि शर्ट झटकून पुढे जाऊन बसला.

आठवडाभर काही नाही. एकोणीसला सूनबाई ऑफिसातून येता येता माझ्याकडे आली, तिने अहवाल दाखवला. माझं पान यादीत घेतलं होतं. माझ्या पानावरच्या मेनूतून बाकी सहाही त्या यंत्राला दिसली होती, पण त्यांच्यापुढे लिहिलं होतं: सापडली आहेत, सध्या घेतलेली नाहीत.

दादाला हे सांगितल्यावर तो लाल झाला. "सापडलोय ना? मग घेत का नाहीत? मी काय रस्त्यावर पडलोय?"

"नुसत्या मेनूत नाव असून भागत नाही, बाबा. घेतलेल्या एखाद्या पानाने शब्दांत सांगावं लागतं, की इकडे जा, इथे हे मिळेल. मग जातं कधीकधी."

दादाने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली. ती वाट कुठून जाते, हे त्याच्या ध्यानात आलं असणार.

बावीसला माझ्या मागच्या दारावर टकटक झाली. मागच्या गल्लीतलं ते दार वर्षानुवर्षं कचरा टाकायला उघडायचं. बाहेर एक अत्तरवाला उभा होता, छातीशी लाकडी पेटी धरून. "पानावर लिहिलंय ना तुम्ही, पुढून येऊ नका, मोठ्या काट्यांच्या हादऱ्याने लहान काटा बिघडतो, मागून या. म्हणून मागून आलो."

लिहिलं होतं खरं. कोणी वाचेल असं वाटलं नव्हतं, म्हणून मनापासून लिहिलं होतं. मी त्याची पेटी घेतली, आणि तो बसेपर्यंत पाठ फिरवून उभी राहिले, कारण चेहरा ताब्यात नव्हता. महिनाअखेरीला आठ दिवस बाकी होते. एक गिऱ्हाईक झालं. खोली माझी झाली. जोरात ओरडावंसं वाटलं, पण टेबलावर काटा उघडा होता.

मग तर झुंबड उडाली. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आठ काटे घेऊन आल्या. बियाणांची पाकिटं भरणारे दोघे आले. एकाला पाखराचं पीस मोजायचं होतं, का ते त्याने सांगितलं नाही. एक जण नुसता बघायला आला, मी हाकलला. आपल्या कामाचं माणूस कुठेतरी आहे, हे या सगळ्यांना तोवर माहीत नव्हतं, आणि मला तरी ते कुठे माहीत होते? गल्लीत रांग लागायला लागली. पुढे दादा रस्त्याकडे तोंड करून बसलेला, आणि समोरून नुसती माणसं जातायत.

तीस तारखेला सकाळी मी एका काट्याच्या दांडीची धार घासत होते. दार उघडं होतं. रांगेत चौथ्या जागेवरून ओळखीचा खोकला ऐकू आला. मान वर केली तर दादा. आतून यायला दहा पावलं लागतात, पण हा माणूस सगळ्या इमारतीला वळसा घालून गल्लीतून आला होता आणि बियाणवाल्याच्या मागे गुपचूप उभा होता. मी हाक मारणार होते, पण तेवढ्यात त्याच्यामागे एक नवीन बाई येऊन उभी राहिली. तिने विचारलं, "त्या लहान काट्यांच्या बाईंचं दुकान हेच का?"

दादाने शर्ट सारखा केला. मला वाटलं, आता साठ वर्षांचा इतिहास सांगेल, बापापासून सुरू करेल.

"हो," तो म्हणाला. "तिचंच. रांगेतच थांबा, आत गर्दी केलेली तिला चालत नाही."

माझ्या हातातली दांडी खाली पडली. नशीब, गादीवर पडली.

त्याचा नंबर आला तेव्हा तो स्टुलावर बसला, गिऱ्हाइकासारखा, गुडघ्यावर हात ठेवून. "खोलीचं बोलायला आलेलो नाही," तो म्हणाला. "ते संपलं. धाकट्याची खोकी मी माझ्या पुढच्या खोलीत घेतली, तिथे काय, जागाच जागा आहे." मी चिमट्याने एक वजन उचलून पुसायला घेतलं. त्याला सोपं करून द्यायची माझी अजिबात इच्छा नव्हती. शेवटी तोच म्हणाला, "चिमटे, तुझ्या पानावरून... माझ्या पानाकडे जा म्हणून एखादी ओळ लिहिशील का? सूनबाई म्हणते, तू लिहिलंस तर ते मला घेतील."

हा माणूस मला जिन्याखाली बसवणार होता. मी त्याच्याकडे बघितलं. दाढी नीट केलेली नव्हती. मला म्हणायचं होतं, वजन किती देऊ, शून्य शून्य? जिभेच्या टोकावर आलं होतं आणि एकतीस वर्षांचा हक्क होता माझा. पण मागे गल्लीत पाच माणसं ऐकत उभी होती, आणि तो त्या पाच माणसांदेखत माझ्याकडे मागत होता.

मी फोन घेतला. सूनबाईने शिकवलं होतं, आता पान मीच बदलते. लिहिलं: 'गोण्या, पोती, ट्रंका मोजायच्या असतील तर पुढच्या दाराने जा. तिथे माझा थोरला भाऊ बसतो. त्याचं माप आजवर कधी चुकलेलं नाही. तोंड मात्र फटकळ आहे, मनावर घेऊ नका.'

त्याने फोन डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याचे डोळे भरले, आणि ते लपवायला तो फोन आणखी जवळ घेऊन बसला.

"ते तोंडाचं काढ," तो म्हणाला.

"नाही काढत," मी म्हटलं. "पुढचे कोण आहेत? या."